गयेचं रोप

आक्काताईचा हात रोपाला चांगला, हे शिरोलीच्या कारखान्यांमागच्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. कुणाचा कढीपत्ता सुकला, कुणाच्या शेवग्याला कीड लागली, की पहिली हाक तिला जायची. ती वीस वर्षं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोजानं जात होती. काळ्या पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचं, झारीनं पाणी घालायचं. लाखभर निलगिरी आणि सुबाभूळ तिच्या हाताखालून गेली असेल. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "माझं काय न्हाय त्यात. पिशवीला भोकं असली आणि माती मोकळी असली की रोप आपसूक येतंय."

असं म्हणणाऱ्या बाईच्या हातून भोक पाडायचंच राहून गेलं, आणि त्यापायी तिनं तेरा वर्षं जीव मुठीत धरून काढली.

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात वस्तीतली अकरा माणसं बुद्धगयेला जाऊन आली. पुढारी अर्थातच आबा. छप्पन साली पंचविशीत दीक्षा घेतलेले, फाउंड्रीत साचे भरण्यात उभी हयात घालवलेले, विहाराची पहिली वीट स्वतःच्या हातानं रचलेले. वस्तीत त्यांच्या शब्दापुढं शब्द नव्हता, आणि त्यांच्या शब्दापुढं एकच शब्द चालायचा, तो त्यांच्या बायकोचा. चिमणाबाई अंगानं एवढ्याशा, पण आबांना भर सभेत "गप बसा की वाईच" म्हणायच्या. आबा बसायचेही.

गयेतल्या एका विहारातल्या भंतेंनी चिमणाबाईंना बोधिवृक्षाचं रोप दिलं. वीतभर उंच, चार पानांचं. डालड्याच्या रिकाम्या डब्यात तिथलीच माती भरून चिमणाबाईंनी ते स्वतःच्या हातानं लावलं आणि परतीचे तीन दिवस डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. कुणाचा धक्का लागला की त्या माणसाची अशी काही हजेरी घ्यायच्या, की तो बिचारा पुढच्या स्टेशनाला दुसरीकडं जागा शोधायचा.

ठरलं असं, की येत्या बुद्ध पौर्णिमेला रोप विहारासमोर लावायचं. तोवर ते सांभाळायचं कुणी? विचारायची गरजच नव्हती. डबा आक्काताईच्या दारात आला.

डब्याला खाली भोक नाही, हे तिनं पहिल्या दिवशीच बघितलं. उद्या खिळ्यानं चार भोकं पाडू, असं म्हणून तिनं तो सावलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पोराच्या कामावरच्या डब्याची घाई, तिसऱ्या दिवशी रोपवाटिकेत साहेब येणार होते. मग फेब्रुवारीत चिमणाबाई तापानं फणफणल्या आणि दोन दिवसांत गेल्या.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर आबा आक्काताईच्या दारात आले आणि डब्यासमोर तासभर बसून राहिले. एवढा दणदणीत माणूस, पण आवाज फुटत नव्हता. उठताना म्हणाले, "आक्का, एक सांगतो. ह्या डब्यातली माती बदलू नको. डब्याला हात लावू नको. तिच्या हातची माती हाय."

"व्हय आबा," आक्काताई म्हणाली.

आता कसला खिळा आणि कसलं भोक! त्यात भर म्हणजे वस्तीतलं प्रत्येक माणूस वंदना झाली की पेलाभर पाणी घेऊन यायचं. चिमणाबाई गेल्यापासून तर जास्तच. श्रद्धेनं आणलेलं पाणी, नको कसं म्हणायचं? बोधिवृक्षाला पाणी घालू नका, असं सांगणारी आक्काताई कोण मोठी लागून गेली? ती नुसती बघत राहिली. डबा गच्च झाला. एप्रिलात पानं पिवळी पडली. तिनं मातीत बोट घातलं आणि वास आला. कुजलेल्या मुळाचा वास तिला काय नवा होता? एकेक करून पानं गळाली आणि पौर्णिमेला दहा दिवस उरले असताना तिनं काडी धरून हलकेच ओढली, तर ती मुळासकट हातात आली. मूळ भिजल्या दोऱ्यासारखं काळं झालं होतं.

खिळा मारायला कितीसा वेळ लागतो? आणि हे आबांना सांगायचं कसं? माणसाची बायको गेली, तिनं तीन दिवस मांडीवर आणलेलं एवढं एक मागं राहिलं होतं, तेही मी मारलं, असं त्या तोंडासमोर जाऊन बोलायचं? तिनं तीनदा पायात चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. शेवटी तिनं ती काडी मोडून चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत तिनं वाफान् वाफा पालथा घातला. पिंपळ कुठून असणार? सरकारला निलगिरी पाहिजे होती. दुपारी बाया भाकरी सोडून बसल्या तेव्हा ती पाण्याच्या टाकीमागं गेली. टाकीच्या भिंतीला, चुना सुटला होता तिथं, एक रोप उगवलं होतं. वीतभर उंच, पाच पानं, बदामी आकाराची. शेंडे तेवढे अळीनं खाल्लेले. भिंतीत आणखी काय उगवणार? पिंपळच. तिनं खुरप्याच्या टोकानं चुना कोरून मुळं सोडवली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि भाकरीच्या टोपलीत दडवून घरी आणली. डब्याला आता मात्र तिनं चार भोकं पाडली. चिमणाबाईंचीच माती उन्हात सुकवून परत भरली. तेवढं एक तरी खरं राहावं, असं तिला वाटलं.

पौर्णिमेला आबांनी रोप डब्यातून काढलं, तेव्हा आक्काताईला वाटलं, आबा आता म्हणणार, हे ते नव्हे. पण त्यांच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली होती. ते रोप कुठं बघत होते? माती दोन्ही हातांनी दाबत ते एवढंच पुटपुटले, "चिमणे, आलीस बघ हितं." सगळ्यांनी हात जोडले. आक्काताईनंही जोडले.

त्या दिवसापासून तिनं ते झाड भीतीनं वाढवलं. लोकांना ती माया वाटायची. विहारासमोरची जागा फाउंड्रीच्या काळ्या वाळूनं भरून काढलेली होती, तिथं गवतसुद्धा धड येत नव्हतं. लावायच्या आधीच तिनं पोराला, प्रसेनजीतला, कामाला लावून कंबरभर खड्डा खणून घेतला होता, वाळू उपसून नदीकाठचा गाळ आणि कुजलेलं शेण भरलं होतं. नंतर शेळ्यांसाठी तट्ट्याचं कुंपण केलं. पावसात खोड वाकू नये म्हणून बांबूचा आधार दिला, आणि दोरी खोडाला काचू नये म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी. उन्हाळ्यात पाणी बुडाशी न घालता हातभर लांब आळं करून घालायची. कुणी पेला घेऊन आलं की ती पुढं होऊन पेला हातातून घ्यायची. हे दुसरं जर गेलं, तर तिसरं आणायचं बळ तिच्यात नव्हतं.

झाड मात्र असं सुटलं, की दोन वर्षांत माणसाच्या डोक्यावर गेलं.

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी झाडाखालचा पाला झाडताना तिनं एक पान उचललं आणि उलटंपालटं करून बघितलं. पिंपळाच्या पानाला शेवटी लांब शेपटी असते, करंगळीएवढी. ह्या पानाला टोक होतं, पण आखूड. भिंतीवरच्या रोपाचे शेंडे अळीनं खाल्ले होते, म्हणून तेव्हा कळलं नव्हतं. आता अळी नव्हती आणि शेपटीही नव्हती. गावाच्या वेशीजवळ जुना पिंपळ होता. तिनं तिथलं एक पान आणून दोन्ही शेजारी शेजारी तळहातावर ठेवली. मग दोन्ही चुरगाळून पदरात लपवली, जसं काही कुणी बघतच होतं.

म्हणजे ते गयेचं तर नव्हतंच, पण साधा पिंपळसुद्धा नव्हता. काय होतं मग? रोपवाटिकेतल्या वॉचमनला तिनं आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "पायर असंल. दिसाया पिंपळावानीच की." पायर! मोठं झाड, सावली दाट, पण आबांनी रोज हात जोडावेत असं त्यात काय होतं?

आणि आबा नुसते हात जोडत नव्हते. रोज संध्याकाळी चारच्या सुमारास ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन झाडाखाली येत आणि चिमणाबाईंशी बोलत. वेडानं नव्हे, अगदी सरळ, जसं घरी बोलायचे तसं. आज पेन्शनच्या रांगेत किती वेळ गेला, सुनेनं भाजीत मीठच घातलं नाही, गुडघा कसा धरला. आक्काताई जवळच झाडत असायची. एकेक शब्द तिच्या कानावर पडायचा आणि आत कुठंतरी टोचायचा. ह्या माणसाला जर कळलं, की तो इतके दिवस भलत्याच झाडाशी बोलतोय, तर त्याचं काय होईल? तिची भीती सगळी ह्या एका गोष्टीची होती. वस्तीत तोंड काळं झालं असतं तर ते तिनं गिळलं असतं.

पानाला शेपटी नाही, हे लोकांच्या नजरेला पडलं नाही असं नाही. पण लोकांचा विश्वास बघा! एकानं विचारलं, तर आबांनीच ठणकावून सांगितलं, "ही गयेची जात हाय. हिकडच्या पिंपळाला शेपूट, ह्याला न्हाय. वळखायची खूणच ती." मग काय, पाहुणे आले की वस्तीतली पोरं अभिमानानं पान तोडून दाखवायची. ही खूण दहा गावांत पसरली. आक्काताईला वाटायचं, प्रत्येक पान तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला फांदीवर बसलंय.

अठ्ठ्याण्णव साली कबनूर गावची मंडळी गयेला जाऊन आली आणि विहाराला काचेच्या चौकटीत बसवलेलं एक पान भेट म्हणून घेऊन आली. खरं बोधिवृक्षाचं, वाळवून जाळी झालेलं, आणि शेपटी ही एवढी लांब. आक्काताई उठून पुढं झाली, "द्या हिकडं, मी लावतो भिंतीला," म्हणाली, आणि स्टुलावर चढून चौकट इतक्या उंच टांगली की खालून नुसती काच चमकावी. प्रसेनजीत म्हणाला, "आई, कुणाला दिसणार न्हाय की ते." ती त्याच्यावर उगीचच खेकसली.

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा सगळी वस्ती ऑपरेशनसाठी त्यांच्या मागं लागली. एकटी आक्काताई गप्प होती. आंधळेपणाची वाट बघणारी बाई झाले मी, असं तिला वाटलं. ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आबा झाडाखाली आले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले. झाडू तिच्या हातात तसाच राहिला. आबा म्हणाले, "केवढं झालंय गं, आक्का! तुझ्या हाताला तोड न्हाय." यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

झाड पसरतच गेलं. कारखान्यांच्या धुराड्यांमध्ये तेवढी एकच गार जागा. बालवाडी तिथं भरायची, दुसरी पाळी सुटलेले कामगार तिथं आडवे व्हायचे. दोन हजार सात साल उजाडलं तोवर एका माणसाच्या कवेत खोड मावेना, आणि आक्काताईची भीतीही तेवढीच जुनी आणि जाड झाली होती.

मग निशा आली. निशा म्हणजे तिची नात, प्रसेनजीतची थोरली. कोल्हापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. घरातली पहिली पोर एवढी शिकणारी, म्हणून आक्काताईच तिचं सगळ्यांत जास्त कौतुक करायची. मार्चच्या अखेरीला निशा घरी आली ती जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन. गावातल्या प्रत्येक मोठ्या झाडाची पानं गोळा करून ती पेपरात दाबून ठेवायची, आणि मग कॉलेजतर्फे झाडाझाडाला नावाची पाटी लावायची, असा उपक्रम होता.

"सगळ्यात आधी आपल्या बोधिवृक्षाला पाटी," निशा म्हणाली.

"त्याला कशाला पाटी? सगळ्यांस्नी ठावं हाय की."

"असू दे की आज्जी. शास्त्रीय नाव पण लिहिणार."

त्या संध्याकाळी निशा पुस्तक उघडून पानाकडं बघत बसली. एकदा पान बघायची, एकदा पुस्तक. भाकरी थापता थापता आक्काताईचं सगळं लक्ष तिच्या पाठीकडं होतं. थोड्या वेळानं निशा चुलीपाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आज्जी, हा पिंपळ न्हाय गं."

तव्यावरची भाकरी करपली. आक्काताई म्हणाली, "तुला काय कळतंय? गयेची जात हाय ती."

"जात एकच असते पिंपळाची. ह्याला शेपटी न्हाय, फळ पिकून काळं होतंय, वाऱ्यानं पान सळसळत पण न्हाय. ही पायर हाय."

"कुणाजवळ बोलू नको," आक्काताई म्हणाली. तिचा स्वर ऐकून निशा दचकली. "निशा, तुला माझी आण हाय. आबांच्या कानावर हे जाता कामा न्हाय."

"पण आज्जी, रविवारी सर येणार हायत. ते बघितल्या बघितल्या वळखतील. आणि आपण गप बसलो तर सर काय म्हणतील? तू एवढी का घाबरलीस?"

नातीला खरं सांगायला ती तोंड उघडणार होती. तेवढ्यात प्रसेनजीत आत आला आणि जेवायला वाढ म्हणाला. तिनं वाढलं.

रविवार येईपर्यंतचे चार दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. एकदा तर वाटलं, सरांना रस्त्यातच गाठून पाया पडावं. एकदा वाटलं, आबांकडं जावं. त्यांच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. आत आबा रेडिओ लावून बसले होते. "कोण, आक्का? ये की," म्हणाले. "लिंबू हाय का इचाराय आलतो," ती म्हणाली आणि लिंबू घेऊन परत आली.

सर आले. सोबत दहा-बारा मुलं, निशा त्यांच्यात मान खाली घालून. वस्ती सगळी जमलेली, आबा मधोमध खुर्चीवर, धुवट सदरा घालून. सरांनी आधी विहारात जाऊन वंदन केलं, मग झाडाभोवती फेरी मारली, पान खुडून उलटसुलट केलं. आक्काताई बायकांच्या मागं, विहाराच्या भिंतीला टेकून उभी होती.

"आबा," सर फार हळू बोलले, "झाड फार सुंदर आहे. पण हा पिंपळ नाही. ही पायर आहे. पिंपळाच्याच कुळातली."

आबा हसले. "गयेचं हाय ते, सर. तिकडची जात निराळी."

"गयेचा बोधिवृक्ष पिंपळच आहे, आबा. विहारात चौकट आहे ना, त्यातलं पान काढून बघा."

चौकट खाली आली. ज्या स्टुलावर आक्काताई चढली होती, त्याच स्टुलावर चढून एका मुलानं ती काढली. दोन पानं आबांच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवली गेली. आबांचे डोळे आता चांगले होते.

वस्तीतला पिराजी, ज्याला कुठंही बोलल्याशिवाय चैन पडायचं नाही, तो म्हणाला, "म्हंजे चिमणामावशीला फसवलं की तिकडं कुणीतरी! साधी बाई, काय बी दिलं आसंल हातात."

लोकांत कुजबुज सुरू झाली. बरोबर आहे, तसंच झालं असणार, म्हातारीला काय कळतंय. आणि आक्काताईला एकदम पायांतलं ओझं गळून पडल्यासारखं वाटलं. सुटले! कुणाला तिची शंकासुद्धा आली नव्हती. जे तेरा वर्षं होणार म्हणून ती झुरत होती, ते होऊन गेलं होतं आणि तिच्या अंगाला साधा ओरखडासुद्धा उठला नव्हता. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायची तर तिला सवयच होती.

"तिला कुणी फसवलं न्हाय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चिमणाबाई गेल्या तेव्हासारखा झाला होता. "चूक माझी हाय. ती म्हनत हुती, भंतेंस्नी अजून एकदा इचारून येतो, हेच का ते. मीच वरडलो तिच्यावर. गाडी चुकंल म्हनलो. म्हातारीला शेवटपतुर घाई केली मी, आणि तिनं कायतरी भलतंच उचललं." त्यांनी चौकट बाजूला ठेवली. "तीन दिवस मांडीवर घिऊन बसलती. पाय सुजलं हुतं तिचं."

आबांनी सगळ्यांसमोर तोंड ओंजळीत घेतलं.

भीतीनं माणूस गप्प बसतो तसं भीतीनंच बोलतोही. आक्काताईला आता एका वेगळ्याच गोष्टीची भीती वाटली: आबा हा दोष जन्मभर स्वतःवर घेऊन बसले तर? ती बायकांना बाजूला सारत पुढं आली.

"आबा, वैनींनी खरंच आणलं हुतं. गयेचंच हुतं ते. माझ्या हातनं मेलं. डब्याला भोक नव्हतं, मला ठावं हुतं, तरी मी पाडलो न्हाय. मूळ कुजलं. हे मी टाकीमागनं आणून लावलो."

निशानं तोंडावर हात घेतला.

आबांनी हात खाली घेतले आणि तिच्याकडं बघितलं. "कवा मेलं?"

"पुनवंच्या दहा दिस आधी."

"ते काय केलंस?"

"चुलीत घातलो."

आबा उठले. काठी घेतली, खुर्ची तिथंच टाकली आणि घराकडं चालू लागले. पिराजीनं मागून विचारलं, "आबा, मग आता हे झाड ठेवायचं का तोडायचं?" आबांनी मागं वळून बघितलं नाही. सरांनी पाटी परत गाडीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आबा आले, पण झाडाखाली नाही. त्यांनी खुर्ची उचलली आणि सावलीच्या बाहेर, भर उन्हात मांडली. तोंड झाडाकडं, ओठ मिटलेले. संध्याकाळची सावली पूर्वेला सरकत त्यांच्या पायांशी आली, की ते उठायचे, खुर्ची चार हात मागं घ्यायचे आणि परत उन्हात बसायचे. तासाभरात तीनदा, चारदा. शहात्तर वर्षांचा माणूस, मार्च सरून एप्रिल लागलेला. मुलानं, सुनेनं सांगून बघितलं. ऐकतील ते आबा कसले?

आक्काताई दारातून बघत राहायची. पहिल्या दिवशी तिनं पाण्याचा तांब्या नेऊन खुर्चीशेजारी ठेवला. तो भरलेलाच परत आणावा लागला. रोज ठेवायची, रोज भरलेला परत आणायची. वस्तीतल्या बायकांनी बोलणं टाकलं होतं, प्रसेनजीत जेवताना खाली मान घालायचा. ते तिला समजत होतं. पण उन्हात बसलेले आबा तिला बघवत नव्हते. ऊन लागून हा माणूस जाईल आणि तोही आपल्याच नावावर जाईल, ह्या विचारानं तिची झोप उडाली होती. झाडाखालचं झाडायचंही तिनं सोडलं होतं. पाला साचत होता.

नवव्या दिवशी सावली आबांच्या चपलांवर आली आणि आबा उठले नाहीत. गुडघ्यांवर आली, तरी नाही. मान छातीवर झुकलेली. आक्काताई अनवाणीच धावत सुटली. "आबा! आबा!"

"वरडू नको," आबा म्हणाले. "जित्ता हाय अजून."

ती धापा टाकत उभी राहिली.

"खुर्ची तरी किती उचलायची माणसानं," ते पुटपुटले. मग त्यांनी झाडाकडं बघितलं. वारा होता, पण पानं फारशी वाजत नव्हती. "आक्का, तेरा वर्सं मी हितं बसून तिच्याशी बोललो. घरातलं, दारातलं, पोटातलं. कुणापाशी बोललो न्हाय असलं बोललो." ते तिच्याकडं वळले. "ते ऐकलं कुणी मग?"

आक्काताईला खोटं बोलायचं सुचलंच नाही. "मी ऐकलो, आबा," ती म्हणाली. "रोज. झाडताना."

"सगळं?"

"सगळं."

आबांनी तांब्या उचलला आणि घटाघट निम्मा प्यायले. सावली त्यांच्या खांद्यापर्यंत चढली होती. तोंड पुसून ते म्हणाले, "मग उद्यापासनं झाडायला ये."